जुन्या बाजारातली वस्तू: वय कसं ओळखावं, भाव कसा धरावा

ठाण्यातल्या नौपाडा, चरई, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की माळ्यावरचं सामान आधी भंगारवाल्याकडे जातं. तिथून काही शिळफाट्याच्या गोदामांत पोचतं, तर काही मुंबईच्या चोरबाजारात. ही वाट धरून जुन्या वस्तूंचा धंदा करू पाहणाऱ्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी: वस्तूचं वय तिच्यातला सगळ्यात नवा भाग सांगतो. विकणारा समोरची, देखणी बाजू दाखवतो. आपण वस्तू उलटी करून पाठ, तळ आणि आतली बाजू बघायची.

फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यात बाजारात आले. १९००चं म्हणून दाखवलेल्या भिंतीवरच्या घड्याळाला ते दिसले, तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा घड्याळच जोडून बनवलं आहे. शेजारी जुनी रिकामी भोकं आणि भोकाभोवती काळपट ठसा असेल तर दुरुस्ती समजा. लाकूड एकसारखं स्वच्छ असेल तर घड्याळ सोडून द्या.

डबे, बाटल्या, पाट्या यांवरची छपाई तर तारीखच सांगते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, म्हणजे सहा आकडी पिन असलेला डबा त्याआधीचा असूच शकत नाही. 'नये पैसे' ही किंमत १९५७ ते १९६४ या काळातली. 'वेस्ट जर्मनी' १९४९ ते १९९०मधलं. ₹ हे चिन्ह २०१०नंतरचं. मात्र पिनकोड नाही म्हणून डबा १९७२पूर्वीचा ठरत नाही, कारण जुने ब्लॉक आणि जुनी लेबलं छापखाने पुढेही वापरत राहिले. खूण असणं हा भक्कम पुरावा आहे, खूण नसणं हा कच्चा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त मिळतात ती तांब्या-पितळेची भांडी: घंगाळ, हंडे, कळशा, बंब, पंचपात्रं. त्यांच्यावर नाव घातलेलं असतं आणि कित्येकदा शकही. शकात ७८ मिळवा (जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९), की इसवी सन मिळतो. शके १८७२ म्हणजे १९५०. आता भिंगाखाली अक्षरं बघा. हाताने छिन्नीने घातलेलं नाव सुट्या ठोक्यांचं असतं, प्रत्येक ठोक्याची खोली थोडी वेगळी. नाव कोरायच्या विजेच्या पेनाची रेघ बारीक थरथरती आणि सगळीकडे सारखी दिसते. खाचेतला मळ आणि भांड्याच्या अंगावरचा मळ एकाच रंगाचा हवा. भांडं काळं आणि अक्षरं आतून पिवळीधमक असतील, तर ती नंतर घातली आहेत.

मग आत हात घाला. ठोकून केलेल्या भांड्याच्या सांध्यावर कळीदार दात, म्हणजे पत्र्याच्या एकमेकांत अडकवलेल्या कडा, जाणवतात. कल्हई उडालेली असेल तर ते डोळ्यांनीही दिसतात. यंत्रावर ओढलेल्या भांड्यात बारीक समकेंद्री वर्तुळं असतात. खरी झीज तळाच्या कडेला, कानांवर आणि हात लागतो तिथेच होते. सगळीकडे सारखी झीज आणि सहज पुसला जाणारा हिरवा भुरा दिसला, तर तो आम्ल-मिठाने मुद्दाम आणलेला समजावा.

चांदीच्या रुपयात नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो, म्हणून ही चाचणी शिकूनच घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा लागतो. ब्रिटिशकालीन रुपया ११.६६ ग्रॅमचा, १९३९पर्यंत ९१.७ टक्के चांदीचा. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा १.१३च्या आसपास थांबायला हवा. हवेतल्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते, इथे सुमारे १०.३. १९४० ते १९४५चे रुपये निम्म्या चांदीचे, त्यांना साधारण १.२२ येतं. जर्मन सिल्व्हरच्या नकलेला १.३५च्या पुढे. नाव काहीही असो, जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो आणि खरं नाणं खोटं वाटतं, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. झिजलेलं नाणं वजनाला कमी भरेल, घनता मात्र बदलणार नाही. १९४७चा रुपया निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतो. आणि राम-हनुमान असलेली ईस्ट इंडिया कंपनीची '१८१८ची' नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला की थबका. अस्सल यंत्रांचे कर्णे बहुतेक रंगवलेल्या पत्र्याचे किंवा लाकडी असत. एचएमटीच्या हातघड्याळांत यंत्र खरं आणि तबकडी नव्याने रंगवलेली, हा प्रकार इतका चालतो की परदेशी संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भिंगाखाली अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतात.

आता भाव. वितळवण्याचा भाव हा तळ, म्हणून पितळ घेताना वजन करूनच बोलणी करा. त्यावरची किंमत वय नाही, तर मागणी, पूर्णपणा आणि मूळ भाग ठरवतात. झाकण हरवलेला शंभर वर्षांचा डबा झाकणासकट असलेल्या पन्नास वर्षांच्या डब्यापुढे मागे पडतो. ऑनलाइन मागितलेल्या किमतींवर जाऊ नका, लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या किमती बघा. नाण्याला पितांबरी लावू नका, घासलेल्या नाण्याचा भाव संग्राहक लगेच पाडतात. घर सजवणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र चकाकतं घंगाळच आवडतं, तिथे घासणं योग्य.

चोरबाजाराला जायचं तर ठाण्याहून धीम्या लोकलने किंवा वाशीहून हार्बरने सँडहर्स्ट रोड गाठा. मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी रस्त्यावरचा जुना बाजार पहाटेपासून भरतो. अंधारात घेताना टॉर्च आणि चुंबक हाताशी हवेत.

कायदा पहिल्या खरेदीआधीच समजून घ्या. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं पुरावशेषात मोडतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे बिलावर 'शंभर वर्षं जुनं' हे शब्द हौसेने लिहू नयेत. देवळातली वाटणारी मूर्ती घेऊच नये. १८५३ साली पहिली गाडी ठाण्याला आली, त्यामुळे इथे रेल्वेच्या कंदिलांना आणि घंटांना गिऱ्हाईक चांगलं आहे. जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा) शिक्का १९५१पर्यंतचा, पण तो नव्या पत्र्यावरही मारलेला सापडतो. शिक्का खरा निघाला तरी रेल्वेची मालमत्ता बाळगणं १९६६च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतं. रेल्वेच्या लिलावाची पावती दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि त्या पावतीचा फोटो वस्तूच्या फोटोबरोबर जपून ठेवा.