खाऱ्या वाऱ्यात ट्रेलरचे विजेचे ब्रेक: एसयूव्ही तयार करताना

बंदरात ट्रॉलरचं वायरिंग आणि गावात गाड्यांचं, अशी दोन्ही कामं मी करतो. म्हणून ट्रेलर ओढायला गाडी तयार करून द्या असं कोणी म्हणालं, की ट्रेलरच्या ब्रेकना गाडीतून करंट देणारा कंट्रोलर कुठल्या कंपनीचा आणलात हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, अर्थ, म्हणजे करंट परत यायची वायर, कुठून घेणार? रत्नागिरीच्या हवेत विजेचे ब्रेक बिघडतात ते बहुतेक वेळा कंट्रोलरमुळे नाही, करंट परत येण्याची वाट गंजल्यामुळे.

पण त्याच्याही आधी गाडीचं पुस्तक. त्यात ओढायच्या वजनाचे दोन आकडे असतात: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असताना आणि नसताना. ब्रेक नसलेल्या ट्रेलरचा आकडा साधारण ७५० किलो किंवा त्याहून कमी. आपल्याकडच्या बऱ्याच क्रॉसओव्हरच्या (कार आणि एसयूव्ही यांच्या मधल्या गाड्यांच्या) पुस्तकात हा आकडाच नसतो, नाहीतर ओढू नका असं सरळ लिहिलेलं असतं. मग लोक परदेशातल्या तशाच दिसणाऱ्या मॉडेलचा आकडा मोबाइलवर दाखवतात. बॉडी तीच असली तरी गिअरबॉक्सचं कूलिंग, मागचे स्प्रिंग, टायर वेगळे असू शकतात. तुमच्या पुस्तकात नाही म्हणजे नाही, मी काम घेत नाही. आकडा असेल तर पुढची चौकशी आरटीओत करा. गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, आणि ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र लागते. विमा कंपनीलाही लेखी विचारून ठेवा.

आता वजन. सध्या माझ्याकडे गणपतीपुळ्याच्या बाजूच्या एका होमस्टेवाल्यांची गाडी आहे. मागे एका अॅक्सलचा कॅम्पिंग ट्रेलर, सामान भरून ९०० किलोच्या आसपास. हे ‘आसपास’ चालत नाही. चिऱ्याचे ट्रक जिथे तोलतात त्या वजनकाट्यावर ट्रेलर भरून न्या आणि पावती घ्या. दुसरं वजन घरी होतं: कपलर (ट्रेलरच्या नाकावरची वाटी) टो बॉलच्या (ती ज्यावर बसते त्या गाडीमागच्या गोळ्याच्या) उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा बाथरूमच्या वजनकाट्यावर उभा करा आणि ट्रेलरचं नाक त्यावर टेकवा. एकूण वजनाच्या दहा टक्के भार नाकावर हवा, म्हणजे इथे ९० किलो. फार कमी असेल तर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. फार जास्त असेल तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी पडतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हिचवर, म्हणजे टो बॉल धरणाऱ्या गाडीमागच्या जोडणीवर, किती भार चालतो तेही पुस्तकात असतं, आणि तो भार गाडीच्या पेलोडमध्येच (माणसं-सामान मिळून गाडीला चालणाऱ्या वजनातच) धरायचा. म्हणजे हे ९० किलो धरल्यावर मागे बसणाऱ्यांत एखादा माणूस कमी.

हिच चासीला बोल्ट केलेली हवी. बंपरच्या पत्र्याला धरून केलेलं काम परत पाठवा. टो बॉलवर आणि कपलरवर कोरलेलं माप वाचा: ५० मिलिमीटर आणि दोन इंच जवळजवळ सारखेच, पण पावणेदोनच्या वरचा, म्हणजे १ ७/८ इंचाचा बॉल ५० च्या कपलरमध्ये बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो. ट्रेलर निसटलाच तर धरून ठेवणाऱ्या साखळ्या कपलरखाली एकमेकींना ओलांडून लावा.

विजेच्या ब्रेकमध्ये ड्रमच्या आत एक मॅग्नेट असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या तोंडाला चिकटायला बघतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो, आणि त्याला जोडलेला दांडा शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) बाहेर ढकलतो. करंट जास्त तर पकड जास्त. दहा-बारा इंची ड्रमचा एक मॅग्नेट १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर घेतो, दोन चाकांचे मिळून ६. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कंट्रोलर दोन जातीचे. एक, पेडल दाबल्यावर ठरावीक वेळात करंट वाढवत नेणारा. दुसरा, गाडी किती जोरात थांबतेय ते आतल्या सेन्सरने ओळखून त्या प्रमाणात करंट देणारा. इकडे सपाट रस्ता थोडा आणि उतार-वळणं फार, म्हणून मी दुसराच लावतो. तो कंट्रोलरच्या पुस्तकात दिलेल्या कोनात, गाडीच्या चालण्याच्या दिशेला सरळ, आणि ड्रायव्हरचा हात पोचेल असा बसवा. त्याचा हाताने ओढायचा दांडा गुडघ्याला लागता कामा नये.

कंट्रोलरला सहसा चार वायरी येतात. काळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मध्ये २० अँपिअरचा ब्रेकर. पांढरी बॅटरीच्या निगेटिव्हला. लाल ब्रेकलाइटच्या स्विचला. निळी मागे ट्रेलरकडे. ट्रेलरच्या बाजूला रंगांवर विश्वास नको, प्रत्येक पिन मीटरने तपासा. लाल वायरीला पेडल दाबल्यावर १२ व्होल्ट आणि सोडल्यावर शून्य मिळायला हवं. नव्या गाड्यांत पेडलचा सिग्नल आधी कंप्युटरकडे जातो, त्यामुळे दिसली वायर टोचली असं करू नका. मागच्या दिव्यांसाठीही तेच. एलईडी असलेल्या गाडीत ट्रेलरचे बल्ब थेट दिव्यांच्या वायरीवर टाकले तर डॅशबोर्डवर इशारे येतात, कधी मॉड्यूल जळतं. बॅटरीवरून स्वतंत्र सप्लाय घेणारं ट्रेलर मॉड्यूल लावा.

ब्रेकची आणि अर्थची वायर किमान ४ स्क्वेअर मिलिमीटरची घ्या, आणि बोटीला वापरतात ती कल्हईची घ्या, प्रत्येक तार कथिल चढवलेली. साधी तांब्याची वायर इथे कशी होते ते बघायचं असेल तर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या ट्रेलरची मॅग्नेटजवळची वायर सोला. वरचं प्लॅस्टिक नवंकोरं, आत तांबं काळपट हिरवं, आणि चिमटीत धरून ओढलं की भुकटी हातात. खारं पाणी जोडातून शिरतं आणि वातीतून तेल चढावं तसं तारांमधून आत चढत जातं. म्हणून वायर चावून बसणारे प्लॅस्टिकचे क्लिप-जोड इथे बाद. वायरीच्या टोकाला धातूचा लग दाबून क्रिंप करायचा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवायची, गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे.

अर्थसाठी सॉकेटच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर न्या. ज्या गाडीत निगेटिव्हवर सेन्सर असतो, तिथे कंपनीने दिलेल्या अर्थ पॉइंटवर. ट्रेलरच्या चासीला स्क्रू मारून काम भागवू नका. टो बॉलवरून अर्थ मिळतो असं सांगणारे मेकॅनिक मी पाहिलेत. मिळतोही, ग्रीस आणि गंज मध्ये येईपर्यंत. मग दिवे लागत राहतात आणि ब्रेक मात्र खड्ड्याखड्ड्याला सुटतो.

जोडून झालं की दोन मोजमापं. कंट्रोलरचा हाताचा दांडा पूर्ण ओढून निळ्या वायरीवर डीसी क्लॅम्प मीटर धरा: ६ च्या आसपास हवं. ३ दाखवलं तर एक चाक नुसतंच फिरतंय. मग मीटरचं एक टोक मॅग्नेटच्या अर्थ वायरीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पुन्हा दांडा ओढा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर छान. अर्धा व्होल्ट दिसला तर कुठला तरी जोड वाईट आहे, शोधून काढा. हे दुसरं माप फारसं कोणी घेत नाही, आणि ब्रेक मऊ लागतात म्हणून कंट्रोलर बदलत बसतात.

ट्रेलरवर सुटण्याचा स्विच (ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा) हवाच, त्याची छोटी बॅटरी चार्ज असलेली. त्याची तार साखळीला किंवा बॉलला न बांधता गाडीच्या चासीला बांधा. तपासताना आधी सात पिनांचा प्लग काढा, नाहीतर उलटा करंट कंट्रोलरला मारू शकतो. बॅटरी चालत्या गाडीतून चार्ज करायची असेल आणि गाडीचा अल्टरनेटर स्मार्ट जातीचा (गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करणारा) असेल, तर मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो.

चाक जॅकवर घेऊन ड्रममागच्या खाचेतून स्टारव्हील (शू ड्रमच्या किती जवळ राहतील ते ठरवणारं दातेरी चाक) फिरवा, चाक हाताने फिरवायला जड जाईपर्यंत, मग हलकं घासेल इतकं सैल करा. सुमारे ३०० किलोमीटरनंतर पुन्हा.

गेन, म्हणजे कंट्रोलर जास्तीत जास्त किती करंट देईल ती सेटिंग, ठरवायला कोरडा, मोकळा, सपाट रस्ता आणि भरलेला ट्रेलर. ४० च्या वेगाने जाताना फक्त हाताचा दांडा पूर्ण ओढा. ट्रेलरची चाकं लॉक झाली तर गेन कमी करा, ब्रेक जेमतेम लागल्यासारखा वाटला तर वाढवा. लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबा. नवे शू बसल्यावर पकड वाढते, म्हणून काही दिवसांनी हेच परत. पावसाळ्यात ओल्या जांभ्या मातीच्या रस्त्यावर गेन उतरवा, रिकाम्या ट्रेलरलाही.

आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना वरूनच खालचा गिअर टाका. सतत ब्रेक धरून उतरलात तर ट्रेलरचे ड्रमही तापतात आणि मॅग्नेट कितीही ओढला तरी शू पकडत नाही. ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक न मारता फक्त दांडा हलकेच ओढा, स्टिअरिंग सरळ. चढावर सीव्हीटी किंवा ड्युअल क्लच या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्या तापतात. गिअरबॉक्सचा इशारा आला की बाजूला घेऊन थांबा. रिव्हर्समध्ये मागचं ऑटोमॅटिक ब्रेकिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर गाडी आपल्याच ट्रेलरला बघून थांबते.

किनाऱ्यावरून परत आलात की गोड्या पाण्याने धुवा, ड्रमवर प्रेशरचा फवारा मारू नका. प्लगच्या पिनांना डायलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारं) ग्रीस, आणि प्लग काढल्यावर टोपण.

होडीचा ट्रेलर असेल, पुळणीवरून पाण्यात उतरवायचा असेल, तर विजेचे ब्रेक लावायला माझ्याकडे येऊ नका. मॅग्नेट समुद्राच्या पाण्यात बुडवून ते टिकत नाहीत. त्याला हायड्रॉलिक ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला मागून ढकलतो त्या जोराने लागणारे) घ्या, किंवा ट्रेलर वरच ठेवून होडी वेगळ्या गाड्यावरून उतरवा.