डार्क रोमान्स लिहिताना संमती कुठे निसटते: या चुका टाळा

डार्क रोमान्स म्हणजे सक्ती आणि हिंसेच्या छायेतली प्रेमकथा. तिच्यातला नायक अपहरण करतो, डांबून ठेवतो, खोटं बोलतो, कधी याहूनही वाईट वागतो. वाचकाला हे ठाऊक असतं आणि तेच वाचायला तो आलेला असतो. त्यामुळे ‘असं लिहूच नये’ हा सल्ला इथे कामाचा नाही. घोटाळा होतो तो दुसरीकडेच: नायिकेवर जबरदस्ती झाली आहे हे लिहिणाऱ्याच्याच लक्षात आलेलं नसतं. नायक स्वतःची समजूत घालू शकतो, नायिकाही घालू शकते. लेखकाला मात्र नेमकं काय घडलं ते माहीत हवं.

गप्प बसणं म्हणजे होकार

मराठीत ही चूक फार सहज होते. बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी मान खाली घालून बसली की मंडळी ‘लाजली, म्हणजे पसंत आहे’ असं ठरवून मोकळी होतात. तीच सवय प्रणयप्रसंगात उतरते. ऑनलाइन कथामालिकांत या धाटणीचा परिच्छेद हमखास भेटतो:

विक्रांतने दार लावून घेतलं. मीरा भिंतीला टेकली. “सोड मला,” ती पुटपुटली. पण तिचे ओठ थरथरत होते. तिचं शरीर केव्हाच त्याला शरण गेलं होतं.

सगळी गोम त्या ‘पण’मध्ये आहे. तिने नकार दिला आणि निवेदकाने तो परस्पर रद्द केला. ओठ भीतीनेही थरथरतात, छाती भीतीनेही धडधडते. नको असलेल्या स्पर्शालाही शरीर प्रतिसाद देऊ शकतं, आणि घाबरलेला माणूस ओरडण्याऐवजी पुष्कळदा थिजून जातो. कायदाही हेच धरून चालतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती स्वेच्छेची आणि निःसंदिग्ध हवी, ती शब्दांतून किंवा खुणेतून व्यक्त झालेली हवी. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही. ही व्याख्या २०१३ च्या दुरुस्तीने जुन्या भारतीय दंडविधानात आली आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या संहितेत तशीच आहे. कादंबरी म्हणजे कोर्ट नव्हे, हे खरं. पण वाचक हे सगळं जाणतो आणि अशा परिच्छेदाशी येऊन अडखळतो.

दुरुस्ती करायची तर आधी प्रसंग कोणता आहे ते ठरवा. दोघांनाही हवं असेल, तर “सोड मला” काढा आणि मीराच्या हाताला काम द्या:

विक्रांतने दाराकडे पाहिलं. मीरानेच उठून कडी लावली. “आता बोल,” ती म्हणाली.

जबरदस्तीच दाखवायची असेल, तर ‘पण’ आणि त्यापुढचं सगळं काढा:

“सोड मला,” ती पुटपुटली. त्याने ऐकलं नाही. मीरा त्याच्या खांद्यावरून कपाटाच्या मुठीकडे बघत राहिली. मुठीचा एक स्क्रू सैल झाला होता.

दुसऱ्या आवृत्तीत निवेदक कुठेही निषेध नोंदवत नाही. तरी काय झालं याबद्दल शंका उरत नाही.

तिसरी शक्यताही आहे: तिचं तिलाच कळत नाही की हवंय की नको. ही संदिग्ध संमती या प्रकारात चालते आणि खूप वाचली जाते. मात्र ती घालमेल तिच्या मनात दिसायला हवी, नायकाच्या अंदाजात नव्हे. पुढे कधीतरी तिने त्या रात्रीकडे वळून पाहायलाही हवं. पुढच्या भागात काही घडलंच नव्हतं असा चहा-नाश्ता सुरू झाला, तर संदिग्धतेचा नुसता आडोसा घेतला होता असं दिसतं.

कर्ज, करार आणि मंगळसूत्र

वडिलांचं कर्ज फेडायला मुलीने उद्योगपतीशी किंवा माफियाशी कॉन्ट्रॅक्ट मॅरेज करायचं, हा आपल्याकडचा लाडका साचा. त्यात तिने सही केली म्हणून पुढचं सगळं संमतीचं धरलं जातं. सही व्यवहाराला होती, स्पर्शाला नव्हती. आणि नाही म्हटलं तर बाप तुरुंगात जाणार असेल, तर तिच्या ‘हो’ला काही किंमत उरत नाही.

यावर सोपा उपाय आहे. पहिल्या जवळिकीच्या प्रसंगाआधी चार गोष्टी तपासा: तिच्याकडे स्वतःचे पैसे आहेत का, फोन आहे का, जायला जागा आहे का, ती कुठे आहे हे बाहेरच्या कुणाला माहीत आहे का. चारही उत्तरं ‘नाही’ असतील, तर तो प्रसंग सक्तीचा समजूनच लिहा. गोड करायचा असेल तर कर्ज त्याआधीच्या भागात फिटू द्या. कागद तिच्या हातात पडतो, दार उघडं असतं, आणि तरी ती थांबते. हे एक प्रकरण पुढच्या दहा प्रकरणांचं काम करतं.

‘नवराच तर आहे’ ही पळवाट कायद्यात आज आहे: नवऱ्याने पत्नीवर केलेली लैंगिक जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही. पत्नी १८ वर्षांहून लहान नसेल तर तो अपवाद लागू होतो. नायिकेला काय वाटलं याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

सेफवर्ड आहे, पण वापरता येत नाही

बंधन, वेदना, वर्चस्व यांचे खेळ परस्परसंमतीने दाखवताना सेफवर्ड, म्हणजे बोलताच सगळं थांबवायचं असा आधी ठरवलेला शब्द, फक्त एकदा सांगितला जातो आणि विसरला जातो. तोंड बांधलं असेल तर शब्द बोलणार कसा? हातात किल्ल्यांचा जुडगा द्या, तो खाली पडला की थांबायचं. हिरवा-पिवळा-लाल ही पद्धतही सोयीची, कारण ‘पिवळा’ म्हणजे जरा सावकाश असं मधलं उत्तर तिच्यात आहे. आधीची बोलणी कंटाळवाणी होतील म्हणून गाळू नका. काय चालेल, काय अजिबात नाही, कधी थांबायचं, हे दीडशे-दोनशे शब्दांत बसतं आणि नीट लिहिलं तर पुढच्या प्रसंगाहून जास्त तापतं. आधी दिलेला होकार मध्येच मागेही घेता येतो. एकदा तरी तो मागे घेतलेला आणि नायक तत्काळ थांबलेला दाखवा.

शरीराचे तपशीलही चुकतात. दोरी दंडाच्या किंवा मनगटाच्या मज्जातंतूवर दाबून बसली तर बधिरपणा येतो, हात लुळा पडू शकतो. म्हणून गोल टोकाची कात्री हाताशी असते. गळा दाबणं ‘सांभाळून’ करता येतं असं सुचवू नका. काही सेकंदांत शुद्ध जाते, आणि मानेच्या रक्तवाहिनीला इजा झाली तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. त्या प्रसंगात धोका असेल तर तो धोका म्हणूनच यावा.

वय

इथे चर्चेला जागा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये १८ वर्षांखालील मुलांचं लैंगिक चित्रण करणारा मजकूरही येतो, फक्त चित्रं नाहीत. ‘कॉलेजची मुलगी’ म्हणून सोडून देऊ नका, अकरावीतली मुलगीही कॉलेजातच असते. वय आकड्यात लिहा आणि पूर्वकथेतल्या तारखांची बेरीज एकदा कागदावर करा. ‘पाच वर्षांपासून तिच्यावर नजर होती’ हे वाक्य लिहिताना तेव्हा ती किती वर्षांची होती, हे बरेचदा कुणी मोजलेलंच नसतं.

वाचकाची संमती

‘फक्त प्रौढांसाठी’ एवढ्याने कुणाला काहीच कळत नाही. सूचना नेमकी हवी: “या कथेत अपहरण, डांबून ठेवणं, संमतीविना लैंगिक प्रसंग (भाग १४) आणि आत्महत्येचा उल्लेख आहे.” चार ओळी पुरतात. ‘दम असेल तरच वाचा’ ही जाहिरात झाली, सूचना नव्हे. किंडलच्या पुस्तकात ती वर्णनातही द्या आणि पहिल्या प्रकरणाआधीही. प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथांच्या ठिकाणी भागाभागाने लिहीत असाल, तर त्या-त्या भागाच्या डोक्यावर पुन्हा द्या. चाळिसाव्या भागाची लिंक कुणी पाठवली, तर वाचक पहिला भाग उघडेलच असं नाही. रहस्य फुटेल ही भीती बहुधा फोल असते. काय घडणार हे सूचना सांगते, कोणाकडून आणि का, हे सांगत नाही.

एका आसवात माफी

‘शेवट पटला नाही’ अशा प्रतिक्रिया येत असतील, तर इजा आणि समेट यांच्यातली पानं मोजा. नायकाला गोळी लागते, नायिका रडते, हिशेब मिटतो, हा प्रकार फार झाला. गोळी लागणं हा अपघात आहे, त्यात त्याने काहीच सोडलेलं नसतं. त्याने केलेल्या कृत्याचं नाव स्वतःच्या तोंडाने घ्यावं, ‘पण माझं तुझ्यावर प्रेम होतं’ ही पुस्ती न जोडता. मग जी सत्ता वापरून त्याने इजा केली तीच सोडावी: पाळत ठेवली असेल तर कॅमेरे निघावेत, पैशाने बांधलं असेल तर खातं तिच्या नावावर व्हावं. आणि माफ न करण्याची मुभा तिला खरोखर असावी, म्हणजे त्याच्याशिवायचं तिचं जगणं निदान एका प्रकरणात दिसावं.

कच्चा खर्डा दोघा-तिघांना वाचायला द्या. त्यांतला एक तरी हा प्रकार न वाचणारा असावा, आणि आत काय आहे ते त्याला आधीच सांगा. ‘आवडलं का’ असं विचारू नका. ‘कुठे थांबावंसं वाटलं’ आणि ‘त्या क्षणी तिला काय हवं होतं’ हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला प्रत्येकाकडून वेगळंच उत्तर आलं आणि तुम्हाला ते अपेक्षित नव्हतं, तर तो प्रसंग पुन्हा लिहायला घ्या.