महीच्या कोतरांतून खाडीपर्यंत : बडोद्याहून पायी भटकंती कशी आखावी

बडोद्यात पायी भटकायचं ठरलं की गाडी आपसूक पावागढकडे वळते. पश्चिमेला, पादऱ्याच्या पुढे, मही नदीच्या काठाने पसरलेली कोतरं, म्हणजे पाण्याने मातीत कोरलेल्या घळी, बहुतेकांच्या गावीही नसतात. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात उगम पावलेली, राजस्थानातून फिरून आलेली मही इथे समुद्राला मिळायच्या बेतात असते. पात्र रुंदावतं, पाणी मचूळ होतं आणि जुन्या गाळाचे उंच मातीचे कडे काठावर उभे दिसतात. इथे तिकीटखिडकी नाही, वाटेवर बाणांच्या खुणा नाहीत, म्हणून घरूनच नीट आखून निघावं लागतं. ही आखणी भरतीच्या वेळेपासून सुरू करायची.

आधी तिथी बघा

खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंडाशी रुंद, आत येताना अरुंद आणि उथळ. समुद्राचं पाणी त्यात दाबलं जातं आणि वर चढतं. उधाणाला खंभातजवळ भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्याही पुढे जातो. शिवाय इथे पाणी उतरतं सावकाश आणि चढतं झपाट्याने. उधाणाच्या दिवसांत तर ते उभी लाट होऊन नदीच्या मुखात शिरतं. कोरड्या दिसणाऱ्या पात्रात रमतगमत आत गेलेल्या माणसाला परतायला पुरेसा वेळ मिळेलच असं नाही.

म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अमावास्या, पौर्णिमा आणि त्यांच्या पुढचे दोन दिवस आधीच खोडून टाका. अष्टमी-नवमीच्या आसपासचे भांगाचे दिवस चांगले. तेव्हा पाण्याची चढउतार सगळ्यात कमी असते.

आपल्यापैकी ज्यांची मुळं कोकणात आहेत त्यांच्या घरी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. हे गणित मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचं आहे. आखाताच्या टोकाशी तीच भरती काही तास उशिरा पोचते, तेव्हा ते इथे वापरू नका. खंभात किंवा भावनगरचं भरतीचं वेळापत्रक बघा. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते हे लक्षात ठेवलं की पुढच्या रविवारचा अंदाजही बांधता येतो. नदीत आत, वरच्या अंगाला, पाणी त्याहून उशिरा येतं. किती उशिरा, ते काठावरचा मासेमार अचूक सांगेल.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कोतरांत पाऊलही टाकू नये. तिथली माती पाण्याने विरघळते, आणि वर कडाणा धरणातून पाणी सोडलं की इथे थेंबही न पडता नदी फुगते.

गाव आणि गावकरी

पहिल्या खेपेला पादरा तालुक्यातलं, महीकाठचं डबका गाव धरा. गायकवाडांच्या काळी हे शिकारीचं राखीव ठिकाण होतं. घोड्यावरून, हातात भाला घेऊन रानडुकरांची शिकार इथे चाले. रानडुकरं आणि रोझ, म्हणजे नीलगायी, आजही कोतरांत आहेत. पहाटेच्या अंधारात आत न शिरण्याचं तेही एक कारण. उजाडल्यावर निघा आणि ऊन चढायच्या आत वर या.

गाडी गावातच, देवळाजवळ किंवा पंचायतीजवळ ठेवा. कुठल्या अंगाला जाणार आणि किती वाजता परतणार हे कुणालातरी सांगून निघा. गुजराती आपल्याला परकी नाही, तिचा उपयोग करा : ‘काका, नदीए जवानो रस्तो कयो? भरती क्यारे आवशे?’ एवढं विचारलं की निम्मं काम होतं. अनेकदा काका स्वतःच बरोबर निघतात. तसं झालं तर नाही म्हणू नका, आणि त्यांच्या वेळेचे पैसे आठवणीने द्या. शेतातून जावं लागलं तर विचारून, बांधावरून जावं.

आणंदच्या बाजूने यायचा विचार असेल तर रस्ता आधी चौकशी करून ठरवा. पादरा आणि आणंद जोडणारा गंभीराचा पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला. एका दिवसात दोन्ही काठ करायचा हट्ट तसाही नको.

धारेवरून चाला

कोतरांत दोन प्रकारच्या वाटा असतात. वरच्या सपाटीवरून, कड्याच्या कडेने जाणारी ती धारेची वाट. खालून, घळीच्या तळातून जाणारी ती गुरांची. पहिल्यांदा जाताना धारेचीच वाट घ्यावी. नदी एका हाताला राहते, दिशा चुकत नाही, आणि खालचा सगळा पसारा नजरेत येतो.

पण धार म्हणजे कडा नव्हे. काठापासून निदान पाच-सहा पावलं आत चाला. हे कडे दगडाचे नाहीत, मऊ गाळाचे आहेत. खालून पाणी माती खात जातं आणि वरचा भाग अधांतरी राहतो. जमिनीकडे बघत चाललात तर काठाला समांतर गेलेली बोटभर रुंदीची भेग दिसेल. गवताने अर्धी झाकलेली असते, आत डोकावलं तर तळ दिसत नाही. त्या भेगेपलीकडचा तुकडा आज ना उद्या खाली जाणार आहे. फोटोसाठी नेमका तोच मोक्याचा वाटतो. तिथे उभं राहू नका, मुलांना तर अजिबात जाऊ देऊ नका.

खाली उतरायचं असेल तर फक्त गाडवाटेने किंवा रुळलेल्या गुरवाटेने. तळाशी सगळ्या घळी सारख्याच दिसतात आणि मोबाइलची रेंज जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा, कारण परतताना वाट तशी दिसणार आहे. थांबून भिंतीही बघा. मातीच्या थरात पांढरट, खडबडीत, बोराएवढ्या कंकराच्या, म्हणजे चुनखडीच्या, गाठी ओळीने बसलेल्या असतात. वरच्या अंगाला वेड्या बाभळीचे काटे आहेत, जाड तळाचे बंद बूट हवेतच. फुरसं आणि घोणस या मातीच्या रंगाचेच असतात, तेव्हा हात टेकण्यापूर्वी जागा बघून घ्या.

चिखल आणि मगर

गोड्या पाण्याच्या भागात मगर आहे असं धरूनच चालायचं. विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्या बडोदेकरांना हे वेगळं सांगायला नको. पाण्याच्या कडेला बसणं, पाय धुणं, भांडी विसळणं टाळा. मार्च-एप्रिलमध्ये मादी वाळूत अंडी घालते आणि जागा राखते, म्हणून त्या महिन्यांत काठची वाळू टाळलेलीच बरी.

खालच्या अंगाला, भरतीच्या पट्ट्यात, खरा धोका चिखलाचा. वरून तो वाळून तडकलेला दिसतो, पापुद्र्यांच्या कडा उचललेल्या असतात. काठी टेकवली की मात्र ती पापुद्रा फोडून सहज आत जाते, आणि बाहेर काढली की टोकाला काळपट, चकचकीत लगदा येतो. काठी वीतभर आत गेली तर पुढे जाऊ नये. कुणी रुतलंच, तर हिसडे देऊन पाय ओढू नका. दुसरा पाय आणखी खोल जातो. पाठीवरची पिशवी बाजूला टाका, मागे रेलून अंगाचा भार पसरा, पाय हळूहळू हलवत सैल करा आणि आल्या दिशेनेच सरपटत मागे या. सोबत्याने जवळ न धावता काठी किंवा ओढणी पुढे करावी. भरती सुरू व्हायच्या निदान दोन तास आधी सगळ्यांनी वरच्या सपाटीवर असावं. पाणी उतरताना शांत दिसलं तरी ही वेळ पुढे ढकलू नका.

खाडीच्या अंगाला

डबका जमलं की खाली, जंबुसर तालुक्यात जा. १९ मार्च १९३० च्या रात्री दांडीयात्रेतले सत्याग्रही कंकापुऱ्याहून मही ओलांडून या काठावरच्या कारेलीला आले. भरतीची वेळ साधूनच होडीतून यायचं होतं, तरीही त्यांना बराच चिखल तुडवावा लागला. कारेलीच्या बाजूने काठापर्यंत चालत जाऊन समोरचा किनारा बघितला की ते अंतर कळतं. पलीकडे चालत जाण्याचा प्रयत्न मात्र करू नका.

त्याहून पुढे कावी-कंबोई. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पाण्याखाली जातं आणि ओहोटीला उघडं पडतं. भरती आणि ओहोटी दोन्ही बघायला मिळतील असा दिवस निवडा. मधल्या वेळात कावी गावातली सासू-सुनेची म्हणून ओळखली जाणारी जैन देरासरं बघून घ्या. देवळापलीकडच्या चिखलपट्ट्यावर कितीही मोकळं दिसलं तरी उतरू नका.

पिशवीत माणशी तीन लिटर पाणी, थेपले किंवा दशम्या, गूळ-शेंगदाणे, शिट्टी, टोपी आणि लांब काठी एवढं असू द्या. कोतरांत पिण्याजोगं पाणी मिळत नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. चावलेला अवयव हलू न देता माणसाला उचलून गावापर्यंत आणा, १०८ ला फोन करा, आणि रेंज नसेल तर शिट्टी वाजवत एकाने पुढे धावावं.