स्टिअरिंग डॅम्पर बसवताय? आधी या चुका टाळा

नव्वदच्या वेगात उंचवटा आला, पुढचं चाक क्षणभर हलकं झालं आणि परत टेकताना हँडल डावी-उजवीकडे फडफडलं. मराठवाड्यात स्पोर्ट बाइक चालवणाऱ्या बहुतेकांना हे माहीत आहे. आपले रस्ते काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या डांबराला लाटा येतात. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या त्याच रस्त्यांवरून चालतात, मग चाकोऱ्याही पडतात. अशा रस्त्यावर एकदा हँडल फडफडलं की पोरं घरी येऊन पहिलं काम करतात ते डॅम्पर, म्हणजे हँडलचे झटके शमवणारी तेलाची नळी, मागवायचं.

डॅम्पर वाईट नाही. सुझुकीची टीएल१०००एस 1997 साली डॅम्परशिवाय आली होती आणि नंतर कंपनीला गाड्या परत बोलावून तो बसवून द्यावा लागला. पण माझं म्हणणं एवढंच आहे की डॅम्पर सगळ्यात शेवटी बसवायची वस्तू आहे. फडफड कशामुळे होते ते शोधायच्या आधी तो लावला, तर दोष झाकला जातो आणि आतल्या आत वाढत राहतो.

आधी गाडी तपासा

पुढचं चाक स्टँडवर उचलून घ्या. शॉकपच्या नळ्या खालून धरून पुढे-मागे हलवा. ‘टक’ असं जाणवलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, सैल आहे. मग हँडल अगदी हळू फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं, तर कोनसेट खराब झालाय आणि तो बदलायलाच हवा. ही तपासणी डॅम्पर लावलेल्या गाडीवर करायची असेल, तर डॅम्परचं एक टोक सोडून करा. नाहीतर हाताला काहीच कळणार नाही.

त्यानंतर टायर. पुढच्या टायरवर हात फिरवा. रबर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं खरबरीत लागलं, तर तो पायऱ्या पडल्यासारखा झिजलाय. हवा टायर गार असताना, गाडीच्या पुस्तकात दिलीय तेवढीच भरा. ‘खड्ड्यांसाठी थोडी कमी ठेवतो’ हे ऐकायला बरं वाटतं, पण पुढची हवा कमी असली की थरथर वाढते. चाकाचं बॅलन्सिंग, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश-बेअरिंग आणि चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का, हेही बघून घ्या.

आणखी एक गोष्ट मी फार पाहतो. गाडी ‘रेसिंग’ दिसावी म्हणून शॉकपच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या टीमधून वर ओढून घेतात किंवा मागची बाजू उंच करतात. त्यानं पुढचा भाग जास्त उभा होतो, ट्रेल (हँडलचा तिरका अक्ष जमिनीला जिथे भिडेल तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो आणि गाडी चपळ होते, पण स्थिर राहत नाही. तुळजापूरला निघताना मागे दोन बॅगा आणि माणूस बसवला की पुढचा भार आणखी हलका होतो. असं काही केलं असेल, तर आधी ते मूळ जागी आणा. बऱ्याच गाड्यांची फडफड इथंच थांबते आणि डॅम्परचे पैसे वाचतात.

माप न घेता घेतलेला डॅम्पर

दांड्याचा डॅम्पर घेणार असाल, तर तो जिथे लागणार त्या दोन बिंदूंमधलं अंतर हँडल पूर्ण डावीकडे असताना मोजा, मग पूर्ण उजवीकडे असताना मोजा. दोन मापांमधला फरक म्हणजे तुम्हाला लागणारा स्ट्रोक, दांडा आत-बाहेर सरकतो ते अंतर. समजा फरक 58 मिमी आला, तर 60 चा घेऊ नका, थोडी जागा शिल्लक राहील असा घ्या. हँडल थांबलं पाहिजे ते चासीच्या स्टॉपवर. ते डॅम्परच्या पोटात थांबत असेल, तर एके दिवशी क्लॅम्प तुटेल किंवा वळणावर हँडल अडकेल. हातात घेऊन दांडा आत-बाहेर करून बघा. चाल सगळीकडे सारखी लागली पाहिजे. मध्येच पोकळ वाटलं, तर आत हवा शिरलीय, तो घेऊ नका.

बसवताना चाक सरळ असू द्या आणि दांडा स्ट्रोकच्या मध्यावर ठेवा. दोन्ही टोकांचे गोळे मोकळे फिरले पाहिजेत. दांड्यावर आडवा ताण आला की सील लवकर जातो. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकची नळी, क्लच केबल आणि टाकी यांना काही घासत नाही ना, ते बघा.

पूर्ण घट्ट म्हणजे पूर्ण सुरक्षित नव्हे

मी स्वतः इथे चुकलो. पहिला डॅम्पर ज्या गॅरेजमध्ये बसवला, तिथे त्याचा घट्टपणा ठरवणारा अॅडजस्टर शेवटच्या क्लिकपर्यंत आवळून दिला आणि मीही विचारलं नाही. चौकात यू-टर्न घेताना हँडल वेळेत परतलं नाही आणि गाडी आडवी झाली. वेग कमी होता म्हणून गुडघ्यावरच भागलं.

हायड्रॉलिक डॅम्परचा विरोध हँडल किती जोरात हलतंय त्यावर ठरतो. हळू वळवताना जो जड लागतो, तो एकदम झटका देताना कितीतरी जास्त जड लागणार. म्हणजे समोर शेळ्या आल्या की तोच तुमचे हात धरणार. दुसरं असं की डॅम्पर शमवतो ती पुढच्या चाकाची जलद थरथर, सेकंदाला 4 ते 10 वेळा होणारी. मोठ्या वेगात सगळी गाडी सेकंदाला 2 ते 4 वेळा झोके घेते, तो वेगळा प्रकार आहे आणि जास्त आवळलेला डॅम्पर तो वाढवू शकतो. म्हणूनच होंडानं 2004 च्या सीबीआर१०००आरआरमध्ये इलेक्ट्रॉनिक डॅम्पर दिला. तो कमी वेगात मऊ राहतो आणि वेगानुसार कडक होतो. आपल्या साध्या डॅम्परला ते जमत नाही, त्याचा मधला मार्ग आपणच काढायचा.

अॅडजस्टर सगळ्यात मऊ बाजूला न्या आणि एकूण क्लिक मोजा. अठरा असतील तर मऊ बाजूकडून तीन-चारवर सुरुवात करा. सकाळी मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगात आठचा आकडा काढा. गाडी सरळ न जाता इकडेतिकडे कलत असेल आणि तुम्हाला सारखं सावरावं लागत असेल, तर डॅम्पर घट्ट आहे, दोन क्लिक मागे या. मग ओळखीच्या खराब पट्ट्यावरून साठ-सत्तरनं जा. हँडल एकदा हललं आणि शांत झालं, तर तिथेच थांबा. नाहीतर एकच क्लिक वाढवून परत तोच पट्टा करा.

तरीही कधी फडफडलंच, तर हँडल आवळू नका आणि ब्रेकवर झडप घालू नका. टाकी गुडघ्यांनी धरा, हात सैल ठेवा, अंग जरा पुढे घ्या आणि थ्रॉटल हळूहळू कमी करा.

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की आतलं तेल पातळ होतं आणि तेच सेटिंग मऊ लागतं. थंडीत पहाटे निघालात तर उलट होतं. दांड्यावरची धूळ मऊ ओल्या फडक्यानं पुसा; कोरडी घासली की क्रोमवर ओरखडे पडतात आणि तेल झिरपायला लागतं. उन्हाळ्याचे क्लिक आणि थंडीचे क्लिक एका चिठ्ठीवर लिहा आणि ती सीटखाली चिकटवून ठेवा. सर्व्हिसिंगला गाडी दिली की कुणीतरी अॅडजस्टर फिरवतंच.