सांगलीकरांनी पुरावर नजर कशी ठेवावी

ऐन जुलैत सांगलीत ऊन पडलं की लोक निर्धास्त होतात, आणि मला तेव्हाच जास्त काळजी वाटते. आपल्याला बुडवणारा पाऊस आपल्या डोक्यावर पडत नाही. तो पडतो वर घाटात, कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरला. सकाळी पहिला आकडा तिथला बघा. तिन्हीकडे दिवसाला दोनशे मिलिमीटरच्या पुढे आणि तेही सलग दोन-तीन दिवस पडला, की वही काढा.

मग कोयना धरण. साठा किती टक्के, याच्या बातम्या येतात, पण आपल्या कामाची असते ती रिकामी जागा. धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). साधारण साडेअकरा हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी चोवीस तास आलं की एक टीएमसी होतं. म्हणजे ६० हजारांची आवक असेल, तर दिवसाला पाच टीएमसी भरले. पंधरा टीएमसीच जागा उरली असेल तर हिशोब तुम्हीच करा, आणि दरवाजे धरण काठोकाठ भरायची वाट बघत नाहीत हेही धरा. पायथा वीजगृहातून सुटणाऱ्या २,१०० क्युसेकची धास्ती नको. दरवाजे किती फुटांवर गेले, ते लिहा.

हे पाणी कराडला कृष्णेत येतं. तिथून बहे, ताकारी, भिलवडी आणि मग आपला आयर्विन पूल. वरच्या पुलांची पातळी चढत असेल तर आयर्विन स्थिर दिसला तरी झोपू नका.

आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पण नुसती पातळी पुरत नाही, वेग काढा. समजा सहा वाजता ३२ फूट ४ इंच होती आणि नऊला ३३ फूट १ इंच: तासाला तीन इंच. याच वेगाने चाळीस गाठायला सत्तावीस-अठ्ठावीस तास. दर तीन तासांनी हा हिशोब नव्याने करा, कारण मध्येच विसर्ग वाढला तर हातातले तास झपाट्याने कमी होतात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटवाल्यांनी तर चाळिसाची वाट बघूच नये. तिथे पाणी त्याआधीच शिरतं. आयर्विनवर किती फूट झाले की आपल्या दारात पाणी येतं, ते शेजारच्या जुन्या माणसांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. २०१९ ला पातळी ५७ फुटांवर गेली होती, म्हणून माळ्यावर ठेवलेलं सामान सुरक्षित आहे असं धरू नका.

खालच्या बाजूचं बघायला बरेच जण विसरतात. हरिपूरला वारणा मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या तुडुंब असल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. म्हणून पंचगंगेवरचा कोल्हापूरचा राजाराम बंधाराही वहीत हवा. तिथे ३९ फूट इशारा, ४३ धोका. खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणातून किती पाणी सोडतायत, तेही रोज नोंदवा.

रात्री आळीपाळीने कुणीतरी आकडे बघावेत. गाड्या, जनावरं आणि घरातली आजारी माणसं उजेडातच हलवा. पाणी उतरायला लागलं तरी नोंद चालू ठेवा. कोयनेचे दरवाजे खाली येऊन घाटातला पाऊस ओसरेपर्यंत सामान खाली उतरवू नका.