ओळख पटली की बघणं थांबतं: बारकावे टिपण्याचा सराव

रोजच्या वस्तूंमधले बारकावे निसटतात, त्यात डोळ्यांचा दोष क्वचितच असतो. वस्तू ओळखली की मन पुढच्या कामाला लागतं. रेमंड निकरसन आणि मेरिलिन अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या लोकांना तिथलं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. नाणं सगळ्यांच्या सवयीचं, पण चेहरा कुठल्या बाजूला वळलाय, अक्षरं कुठे आहेत, हे बहुतेकांना धड जमलं नाही.

सुरुवात याच प्रयोगाने करा. रोज समोर असणारी एकच वस्तू निवडा: कुलूप, नळ, भिंतीवरचं घड्याळ. तिच्याकडे न बघता पाच मिनिटांत पेन्सिलीने चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. कुठला भाग कुठे आणि किती, एवढं कळलं की पुरे. मग वस्तू समोर ठेवून लाल पेन्सिलीने चुका दुरुस्त करा. रोमन आकड्यांचं घड्याळ असेल तर चारचा आकडा मुद्दाम तपासा. पुस्तकात एक उभी रेघ आणि तिच्या उजवीकडे ‘व्ही’ असतो; तबकडीवर मात्र बहुधा चार उभ्या रेघाच असतात. आठवून काढताना पुस्तकातला चार सहज उतरतो, कारण हात डोक्यातली कल्पना काढत असतो. हा कागद टाकू नका. लाल खुणा जिथे दाटल्या, तिथे तुमची नजर ठरत नाही.

दुरुस्ती करताना एकाच जागी टक लावू नका. हात पूर्ण लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढ्याच भागात नजर खरी तीक्ष्ण असते. बाकीचं अंधुक असतं, मन ते भरून काढतं. वस्तूचे मनातल्या मनात चार भाग पाडा आणि एकेकाला निदान अर्धा मिनिट द्या.

उजेड बदलला तरी खूप काही उघड होतं. खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवा, उजेड भिंतीवरून सरपटत जाऊ द्या. सपाट वाटणाऱ्या भिंतीवर बुजवलेली खिळ्यांची भोकं आणि ब्रशचे फराटे उठून दिसतात, कारण अगदी बारीक उंचवट्याचीही लांब सावली पडते. इथे फसगत होते ती उंचवटा आणि खळगा यांत. उंचवट्याची सावली टॉर्चच्या विरुद्ध बाजूला पडते, खळग्यात ती टॉर्चकडच्या कडेला असते.

झाडाखालचे कवडसे तर चुकवूच नयेत. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, तरी कवडसे गोल! फट लहान आणि पुरेशी उंच असली की तिच्यातून सूर्याची प्रतिमाच खाली पडते. कवडशात पांढरा कागद किरणांना काटकोनात धरा (जमिनीवर तो लंबवर्तुळ होतो) आणि व्यास मोजा. त्याला १०८ ने गुणलं की फटीचं कागदापासूनचं अंतर मिळतं: ५ सेंटीमीटरचा कवडसा म्हणजे सुमारे ५.४ मीटर. मोठ्या फटीमुळे उत्तर फुगतं, म्हणून फिकट पण नेटके गोल कवडसे निवडा. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात.

नोंद ठेवताना निष्कर्ष आधी लिहिला की निरीक्षण तिथेच संपतं. ‘दार जुनं आहे’ हे निरुपयोगी. ‘कडीखाली तळहाताएवढा रंग उडालाय, खालची कड फुगलीय’ असं लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: हात तिथे का टेकतो, पाणी कुठून येतं? फोटो काढायचा तर सगळं लिहून झाल्यावर. आधी काढला की ‘नंतर बघू’ म्हणून नजर उठते. आणि एका वेळी एकच वस्तू घ्या. अख्खी खोली टिपायला गेलात तर पुन्हा फक्त नावांची यादी तयार होते: खुर्ची, टेबल, पंखा.