या चुका टाळा : १२९ टक्के भरलेला टब

जानेवारी उजाडला की बी.एस्सी.च्या प्रोजेक्टवाली मुलं माझ्या घरी यायला लागतात. यंदा एकीने कोथरूडला स्वतःच्या गच्चीवर टबात जलपर्णी वाढवली होती. दर रविवारी वरून फोटो काढायचा आणि पाण्याचा किती टक्के भाग झाकला गेला ते मोजायचं. काम नेटकं होतं. पण एक्सेलमधला आलेख वरखाली उड्या मारत होता आणि ती खुशीत होती. "सर, केऑस सापडला!" केऑस म्हणजे नियम ठरलेला असूनही बेभरवशाची वाटणारी उलथापालथ.

सूत्र संख्यावाढीचं नेहमीचंच, बेल्जियमच्या गणिती व्हेरहुल्स्टने १८३८ साली मांडलेल्या समीकरणावरून घेतलेलं : नवी संख्या = जुनी संख्या + दर × जुनी संख्या × (१ − जुनी संख्या ÷ कमाल मर्यादा). इथे संख्या म्हणजे झाकलेला टक्का आणि मर्यादा म्हणजे पूर्ण भरलेला टब, १००. फोटोंवरून वाढीचा दर निघाला होता ०.७, एका आठवड्यासाठी. महिन्याचा हिशेब हवा म्हणून तिने सरळ चारने गुणून २.८ केला. रकान्यात उतरलं ते असं : २०, ६५, १२९, २५, ७८, १२६, ३५.

"टब १२९ टक्के कसा काय भरला गं?"

"पानं एकमेकांवर चढतात ना, सर."

उत्तर हजरजबाबी होतं, पण चूक पानांची नव्हती. जागा संपत आली की वाढ मंदावते, आणि हा ब्रेक तिच्या सूत्रात महिन्यातून एकदाच लागत होता. क्रेडिट कार्डासारखं झालं : महिनाभर खर्च चालू, बिल शेवटी. दर ०.७ ठेवून आठवड्याआठवड्याने पुढे गेलं की २०, ३१, ४६, ६४, ८०, ९१, ९७ असा शहाणा आलेख येतो. फोटोही, दोन-चार टक्के इकडेतिकडे, हेच सांगत होते.

यावर खात्रीचा उपाय एकच. काळाचा टप्पा निम्मा करा, दरही त्या प्रमाणात निम्मा करा आणि गणित पुन्हा चालवा. इथे पंधरा दिवसांना १.४ घेतला तरी उड्या थांबतात. टप्पा बदलल्यावर चित्रच बदलत असेल, तर ते चित्र जलपर्णीचं नाही, तुमच्या रकान्याचं आहे. केऑस खोटा नाही. शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ साली दाखवलं की इतक्या साध्या सूत्रातूनही तो निघतो. पण ज्या किड्यांची वर्षाला एकच पिढी असते, जुनी संपून नवी येते, तिथे 'टप्पा' निसर्गानेच ठरवलेला असतो. जलपर्णी महिनाअखेरीची वाट बघत नाही.

दुसरी चूक मोठमोठ्यांनीही केली आहे : सुरुवातीच्या आकड्यांवरून कमाल मर्यादा ठरवून टाकायची. पर्ल आणि रीड या संशोधकांनी १९२० मध्ये जनगणनेच्या आकड्यांना याच समीकरणाची वक्ररेषा बसवून अमेरिकेच्या लोकसंख्येची मर्यादा सुमारे १९.७ कोटी काढली. १९६० च्या दशकात ती ओलांडली गेली. रेषा वळायच्या आधी तिचं छत शोधू नका. शोधलंच तर एक आकडा न देता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा द्या.

तिसरी चूक गणिताची नाही, अर्थ लावण्याची आहे. मुळा-मुठेतून जलपर्णी काढतात तेव्हा 'निम्मी काढली' ऐकून बरं वाटतं. पण याच सूत्रात वाढ सर्वांत जोरात होते ती मर्यादेच्या बरोबर निम्म्यावर. पन्नास टक्क्यांवर आणून सोडलीत, तर पुढच्याच आठवड्यात साडेसतरा टक्के परत. दहावर आणलीत, तर जेमतेम सहा. शिवाय नदी म्हणजे टब नव्हे. वरच्या अंगाने पर्णी वाहत येते, सांडपाण्याने खत मिळतं, पुरात सगळीच धुऊन जाते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या जलपर्णीची पदं समीकरणात नसतील, तर गच्चीवरचा दर नदीला लावू नका.

आता मोजणी. माझ्या मते निम्मी मॉडेलं इथेच मरतात. एका मुलाने पेठेतली भटकी कुत्री मोजली. शनिवारी ४० कुत्र्यांचे फोटो काढले. रविवारी ३० दिसली, त्यांतली १२ आदल्या दिवशीचीच. रविवारच्या ३० मध्ये ओळखीची १२, तर एकूण कुत्र्यांतही ओळखीच्या ४० चं प्रमाण तेवढंच धरायचं : ४० × ३० ÷ १२, म्हणजे १००. पद्धत रास्त आहे, अट एवढीच की प्रत्येक कुत्रं दिसण्याची शक्यता सारखी हवी. हा पठ्ठ्या दोन्ही दिवस सकाळी चहाच्या टपरीपासून निघाला होता. बिस्किटाच्या आशेने तीच माणसाळलेली कुत्री दोनदा पुढे आली, बुजरी वाड्यांच्या बोळात राहिली. जुळणारी जास्त झाली की अंदाज खाली येतो, म्हणजे खरा आकडा शंभराच्या वर असणार.

त्याला पुन्हा पाठवलं, या वेळी रात्री अकराला, उलट्या टोकाने आणि बिस्किटांशिवाय.